बँकेत मोठे गुंतवणूकदार आले की नेमकं काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक नागपुरातल्या धरमपेठ, प्रतापनगर, इतवारी इकडच्या ओळखीच्या लोकांचे आहेत, ज्यांच्याकडे बँकांचे शेअर आहेत किंवा एफडी आहे किंवा दोन्ही. दर तिमाहीचे निकाल आले की तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवून राहिलो. कोणता शेअर घ्या, कोणता विका, हे इथे मिळणार नाही.

संस्थात्मक गुंतवणूकदार म्हणजे कोण कोण?

दुसऱ्यांचा पैसा गोळा करून गुंतवणारे. एलआयसी आणि बाकी विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, पेन्शन फंड, परदेशी फंड म्हणजे आपले एफपीआय, आणि प्रायव्हेट इक्विटीवाले, म्हणजे मोठा हिस्सा घेऊन काही वर्षांनी नफ्यात विकणारे फंड. तुमची एसआयपी चालू असेल तर तुमचेच पैसे कोणत्यातरी बँकेत त्यांच्या नावानं बसलेले असतात. हे सगळे सारखे वागत नाहीत, पुढे येईलच ते.

गव्हर्नन्स गव्हर्नन्स म्हणतात, बँकेत त्याचा साधा अर्थ काय?

सीईओला नाही म्हणायची ताकद कोणाकडे आहे, एवढाच. कर्ज कोणाला दिलं, बुडायला लागलं तेव्हा वेळेवर एनपीए (थकीत कर्ज) म्हणून दाखवलं का, ऑडिटरचं तोंड दाबलं का, साहेबांचा बोनस कशावर ठरला. कारखान्यात गडबड झाली तर गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल तरी दिसतो, बँकेत खराब कर्ज दोन-तीन वर्षं मस्त चांगलं दिसतं कारण नवीन कर्ज देऊन जुन्याचे हप्ते भरून घेता येतात. वरून शंभर रुपयांच्या धंद्यात भागधारकांचे साधारण दहाच्या आसपास, बाकी बहुतेक ठेवीदारांचे. म्हणजे जोखीम घेतली आणि फळली तर फायदा मालकाचा, बुडली तर मोठा खड्डा दुसऱ्याच्याच पैशाला. बँकेचं गव्हर्नन्स बाकी कंपन्यांपेक्षा वेगळं का, तर या एका गोष्टीमुळे.

एखाद्या फंडानं ४० टक्के शेअर घेतले तर बँक त्याचीच झाली ना?

नाही ना भाऊ, आपल्याकडे ते सहसा होतच नाही. खासगी बँकेत ५ टक्के किंवा त्याच्या वर जायचं तर आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी. २०२३ च्या नियमांप्रमाणे व्यक्ती आणि बिगर-वित्तीय कंपन्यांना साधारण १० टक्के, बँका-विमा कंपन्यांसारख्या वित्तीय संस्थांना १५ टक्के, त्यापुढे फक्त खास परवानगीनं. आणि शेअर किती का असेनात, खासगी बँकेत कोणाचंही मत २६ टक्क्यांच्या वर मोजलं जात नाही. सरकारी बँकेत तर सरकार सोडून बाकी कोणाचंही १० टक्क्यांवर नाही, २०१२ च्या दुरुस्तीआधी राष्ट्रीयीकृत बँकांत ते १ टक्का होतं, म्हणजे काहीच नाही म्हणा ना. परदेशी पैसा एकूण खासगीत ७४ टक्के, सरकारीत २० टक्के.

कॅथलिक सीरियन बँकेत कॅनडाच्या फेअरफॅक्सनं २०१८ मध्ये जवळपास १,२०० कोटी टाकून ५१ टक्के घेतले, ते रिझर्व्ह बँकेनं खास बाब म्हणून होऊ दिलं. तिथेही मताला २६ चीच कडी.

ही बंधनं उगाच नाहीत. विकसनशील देशात उद्योगपतीच्या हातात बँक गेली की ती त्याच्याच धंद्याला कर्ज द्यायला लागते, हा अनुभव आपल्याकडे १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचा आहे आणि बाहेरही ढीगभर आहे. पण त्याच कायद्यानं चांगल्या फंडाचे हातही बांधले गेले, हेही खरं.

सरकारी बँकेत मग त्यांना काहीच म्हणता येत नाही का?

थोडंसं. सरकार सोडून बाकीच्यांची हिस्सेदारी १६ टक्क्यांपर्यंत असेल तर भागधारकांचा १ संचालक, १६ ते ३२ मध्ये २, त्याच्या वर ३. एमडी कोण होणार हे ते ठरवत नाहीत, ती नावं २०२२ पासून एफएसआयबी नावाचं मंडळ सुचवतं आणि शेवटी सरकार नेमतं. पी. जे. नायक समितीनं २०१४ मध्येच सांगितलं होतं की सरकारनं आपले शेअर एका वेगळ्या कंपनीत ठेवावेत, रोजच्या कारभारातून बाहेर व्हावं आणि नामांकित फंडांना जास्त हिस्सा घेऊ द्यावा. मधे नावं सुचवायला बँक बोर्ड ब्युरो आला, त्याचा एफएसआयबी झाला, पण शेअर सरकारच्याच थेट हातात राहिले.

मतं एवढी बांधलेली, तर हे मोठे लोक करतात तरी काय?

तीन गोष्टी. बंद खोलीत बोलतात, मत देतात, नाहीतर विकून निघून जातात. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येतं ते तिसरं.

मतदानाचं गाजलेलं उदाहरण बँकेचं नाही, पण बँकेच्या घरचंच आहे, एचडीएफसी बँकेच्या तेव्हाच्या प्रवर्तक कंपनीचं. जुलै २०१८ मध्ये एचडीएफसी लिमिटेडमध्ये अध्यक्ष दीपक पारेख यांना संचालक म्हणून पुन्हा नेमायचा ठराव होता. कसं मत द्यावं हे फंडांना सांगणाऱ्या परदेशी सल्लागार संस्थांनी म्हटलं हे फार जास्त कंपन्यांच्या बोर्डावर आहेत, वेळ कुठून देणार, आणि २२.६४ टक्के मतं विरोधात पडली. विशेष ठराव होता, ७५ टक्के लागत होते, मिळाले ७७.३६. पारेखांसारखा माणूस दोन-अडीच टक्क्यांनी वाचला, त्यानंतर किती संचालकांनी आपल्या बाकीच्या खुर्च्या मोजल्या असतील विचार करा.

निघून जाण्याचं ताजं उदाहरण इंडसइंड. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेनं सीईओला मागितलेली तीन वर्षं न देता एकच वर्ष दिलं, दोन-चार दिवसांतच बँकेनं सांगितलं की डेरिव्हेटिव्हच्या (वायदे-सौद्यांच्या) हिशेबात तफावत आहे, नेटवर्थच्या म्हणजे स्वतःच्या भांडवलाच्या साधारण २.३५ टक्के, आणि ११ मार्चला शेअर एका दिवसात २७ टक्के पडला. एप्रिलच्या शेवटी सीईओचा राजीनामा. यात कोणत्या फंडानं सभेत उठून भाषण केलं नाही. ज्याच्याकडे ढीगभर शेअर असतात तो विकायला लागला की बोर्डाला कळतं. पण क्रम बघा, आधी रिझर्व्ह बँक, मग बाजार. मला जवळपास प्रत्येक प्रकरणात हाच क्रम दिसतो. येस बँकेत सीईओ राणा कपूरना मुदतवाढ नाकारली ती रिझर्व्ह बँकेनं, सप्टेंबर २०१८ मध्ये. अ‍ॅक्सिसमध्ये सीईओ शिखा शर्मांच्या पुढच्या टर्मचा फेरविचार करा म्हणाली ती पण तीच. तोवर मोठे मोठे फंड दोन्हीकडे होतेच की बसलेले.

पण भागधारकांनी सीईओला घालवलं असं झालंच नाही का?

झालं ना, २०२० च्या सप्टेंबरमध्ये एका आठवड्यात दोनदा. लक्ष्मी विलास बँकेच्या सभेत एमडीसह ७ संचालकांचे ठराव पडले, आणि पाचच दिवसांनी धनलक्ष्मी बँकेत सीईओच्या विरोधात ९० टक्क्यांवर मतं. पण हे दक्षिणेतल्या छोट्या जुन्या बँकांमधलं, तिथे व्यक्तिगत मोठे भागधारक आणि जुने गट जोरात होते, जागतिक फंडांचा तो पराक्रम नाही. आणि लक्ष्मी विलासला त्याचा उपयोग शून्य. बँक एक वर्षापासून रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली होती, १७ नोव्हेंबरला मोरेटोरियम म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा, दहा दिवसांत सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतातल्या शाखेत विलीन, आणि शेअर पूर्ण पुसले. ज्यांनी बोर्ड हाकललं त्यांच्याही हातात भोपळा. ठेवीदारांना मात्र पूर्ण पैसे मिळाले.

एलआयसी एवढी मोठी आहे, ती काहून बोलत नाही?

हा प्रश्न इतवारीतल्या एका व्यापारी मित्राचा, आणि शंभर टक्के रास्त. एलआयसीचे बँकेशी शेअरशिवाय दहा व्यवहार असतात, बँक तिच्या पॉलिसी विकते, ती बँकेचे बाँड घेते. वरून मालक सरकार आणि सरकारी बँकेचा मालकही सरकार, मग भांडायचं कोणाशी? आणि आकार एवढा की रागावून विकायला काढलं तर भाव आपल्याच अंगावर पडतो. अशा गुंतवणूकदाराला अभ्यासक दबावाखालचा म्हणतात. ज्याचा बँकेशी शेअरपलीकडे काही धंदा नाही, असा फंड त्यापेक्षा मोकळेपणी विरोध करतो.

फ्लॅट स्कीमच्या मीटिंगचं घ्या ना. ज्याचे तीन फ्लॅट आहेत पण अध्यक्षांच्याच दुकानातून ज्याचा माल जातो, तो लिफ्टच्या हिशेबावर कधी तोंड उघडतो का?

एलआयसीनं जानेवारी २०१९ मध्ये आयडीबीआय बँकेत ५१ टक्के घेतले, तिथे ती गुंतवणूकदार कमी आणि रुग्णवाहिका जास्त होती. पंजाब नॅशनल बँकेतही ती मोठी भागधारक होती, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं तेव्हा तिला बाकी जगाबरोबरच कळलं. त्यात तिला फार दोष नाही देत मी. मुंबईच्या एका शाखेतून स्विफ्ट या बँकांच्या संदेश यंत्रणेवर हमीपत्रं जात होती आणि ती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत चढतच नव्हती, बाहेरून ताळेबंद वाचणाऱ्याला ते दिसणार कसं? संस्था बोर्ड बघू शकतात, पगार बघू शकतात, ब्रँचच्या आतलं त्यांना दिसत नाही.

परदेशी पैसा आला की बँक सुधारते, हे खरं का?

अर्धं खरं. बऱ्याच देशांची आकडेवारी जोडून केलेल्या अभ्यासांत दिसतं की परदेशी आणि स्वतंत्र संस्था असलेल्या कंपन्यांचं मूल्य आणि गव्हर्नन्स सरासरीनं बरं असतं, खास करून ज्या देशांत भागधारकाचं संरक्षण कच्चं आहे तिथे. पण त्यात एक गोम आहे, हे लोक मुळात चांगल्याच कंपन्या निवडतात. मेरिटच्या पोरांना ज्यांनी आधीच घेतलं त्यांचा निकाल चांगला लागणारच.

चीन बघा. २००५-०६ मध्ये शेअर बाजारात उतरायच्या आधी त्यांनी मोठ्या सरकारी बँकांत परदेशी भागीदार बोलावले. बँक ऑफ अमेरिकेनं चायना कन्स्ट्रक्शन बँकेत ३ अब्ज डॉलर, गोल्डमन सॅक्सनं आयसीबीसीत अडीच अब्जाच्या वर. जोखीम मोजायच्या पद्धती, ऑडिट, अहवाल यात फरक पडला, पण अध्यक्ष कोण हे कम्युनिस्ट पार्टीच ठरवत राहिली. २०१३ पर्यंत दोघंही घसघशीत नफा घेऊन बाहेर.

नायजेरियाचं उलटं. तिथे २००४-०५ मध्ये किमान भांडवल २५ अब्ज नायरा केलं, ८९ च्या २५ बँका झाल्या, बाजारातून धो धो पैसा उभा राहिला, आणि त्यातला काही बँकांनीच दिलेल्या कर्जातून बँकांच्याच शेअरमध्ये आलेला होता. बाजार कोसळल्यावर ऑगस्ट २००९ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर लामिडो सनुसी यांनी पाच बँकांचे प्रमुख एका फटक्यात काढले, ऑक्टोबरात आणखी तीन, आणि सरकारी मदत ६२० अब्ज नायरा. भागधारक कागदावर भरपूर होते, विचारणारा कोणी नव्हता. पुढे सीईओला १० वर्षांची मर्यादा आली. आपल्याकडे तशी मर्यादा एप्रिल २०२१ मध्ये आली, १५ वर्षं, प्रवर्तक म्हणजे बँक उभी करणारा मालकच असेल तर १२. कोटक महिंद्रा बँकेचे उदय कोटक २०२३ मध्ये प्रमुखपदावरून उतरले ते त्याच नियमाच्या तारखेआधी.

आणि नफ्याचं काय? कामगिरी सुधारते की नाही?

ज्याच्याकडे मोठा तुकडा आहे आणि जो पाच-सात वर्षं थांबणार आहे त्याच्यामुळे सुधारलेली दिसते. कॅथलिक सीरियन, आता सीएसबी, २०१८-१९ ला तोट्यात होती, पुढच्या वर्षी जेमतेम नफा, २०२०-२१ मध्ये २०० कोटींच्या वर. सोनेतारण वाढवलं, खर्च आवळला. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्मचारी पगारवाढीच्या करारावरून संपावर होते, म्हणजे सुधारणेचं बिल कोणीतरी भरतच असतं.

आता उलटी बाजू, जी कोणी सांगत नाही. २००७-०८ च्या संकटात ३० देशांतल्या २९६ वित्तीय कंपन्यांचं काय झालं यावर २०१२ मध्ये एर्केन्स, हंग आणि मातोस यांचा अभ्यास आला. ज्यांच्यात संस्थांची हिस्सेदारी जास्त होती त्यांनी संकटाच्या आधी जास्त जोखीम घेतलेली होती आणि संकटात त्यांच्या शेअरचं जास्त नुकसान झालं. म्हणजे फंड वाढ मागतात, वाढीसाठी बँक कर्ज फेकते, आणि चांगल्या दिवसांत त्यालाच आपण उत्तम कामगिरी म्हणतो. त्यामुळे ‘संस्था आहेत म्हणजे सेफ आहे’ हे वाक्य मला तरी पटत नाही.

माझी फक्त एफडी आहे, मला काय करायचं या सगळ्याशी?

तुमचं आणि भागधारकाचं हित एक नाही, एवढं लक्षात असू द्या. भागधारकाला बँक पळताना हवी, तुम्हाला जागेवर उभी हवी. विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, एका बँकेत एका नावावर, व्याज धरून. मोठी रक्कम असेल तर वाटून ठेवा.

येस बँकेत आमचे पैसे अडकले तेव्हा मोठे लोक कुठे होते?

बरेचसे आधीच बाहेर. जसजसा भाव पडत गेला तसतसे फंड निघाले आणि ‘स्वस्त झालाय, घे’ म्हणत छोटे आत शिरले, नागपुरात पण किती जणांनी सरासरी भाव खाली आणायला घेतले ते बघितलंय. ५ मार्च २०२० ला मोरेटोरियम, खात्यातून ५० हजारच काढता येणार. मग स्टेट बँकेनं ६,०५० कोटी टाकले, आयसीआयसीआय बँक आणि एचडीएफसी लिमिटेडनं प्रत्येकी १,००० कोटी, बाकीच्यांनी थोडे थोडे. ज्यांच्याकडे १०० किंवा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं कुलुपात. आणि ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली की बुडवता येणारे बाँड) थेट शून्य, त्यात म्युच्युअल फंडांसोबत ज्यांना ते ‘एफडीसारखंच आहे’ म्हणून विकले असे म्हातारे लोकही होते, यावर मला अजून राग येतो.

२०२२ मध्ये कार्लाइल आणि अ‍ॅडव्हेंट हे प्रायव्हेट इक्विटी फंड मिळून जवळपास ८,९०० कोटी घेऊन आले, बोर्डावर आपापला माणूस बसवला, आणि २०२५ मध्ये जपानच्या एसएमबीसी बँकेनं स्टेट बँक आणि इतर बँकांकडून २० टक्के घेतले. पडलेली बँक उभी करताना संस्था खरंच कामाच्या ठरल्या. पडताना थांबवायला नाही.

आपल्या सहकारी बँकांत हे फंड का येत नाहीत?

कारण तिथे एक सभासद एक मत. हजार रुपयेवाला आणि एक कोटीवाला सारखेच, शेअर बाजारात नाही, दर्शनी किमतीलाच परत. फंडाला यात काहीच मिळत नाही. तत्त्व सुंदर आहे, पण मत सगळ्यांना सारखं असलं की लक्ष ठेवायचा कंटाळाही सगळ्यांना सारखाच येतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे सरकारी रोख्यांच्या नावावर दलालांकडे गेलेले १५० कोटी आणि कधीच न आलेले ते रोखे आपल्या इथल्या शेतकऱ्यांना चांगले आठवतात, प्रकरण २००२ चं, कोर्टानं तेव्हाच्या अध्यक्षांसह काहींना शिक्षा सुनावली डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्यावरही अपील. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत, हाकेच्या अंतरावर, पण तेव्हा सहकारी बँकांवर तिचा आणि सहकार खात्याचा असा दुहेरी अंमल होता. २०२० च्या दुरुस्तीनं नागरी सहकारी बँकांवर तिची पकड वाढली.

फंड कसं मत देतात हे मला घरबसल्या दिसतं का?

दिसतं, आणि लोक बघत नाहीत हे दुःख आहे. दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न एक्सचेंजच्या साइटवर येतो. त्यात म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, एफपीआय अशा वेगळ्या ओळी आणि १ टक्क्याच्या वरच्यांची नावं असतात. एक तिमाही बघून काही कळत नाही, सात-आठ शेजारी शेजारी लावा. फंड कमी होऊन राहिले आणि ‘दोन लाखांपर्यंतचे वैयक्तिक भागधारक’ ही ओळ फुगत असेल तर मी तरी थांबून विचार करतो.

दुसरा कागद त्याहून भारी. सभेनंतर दोन कामाच्या दिवसांत मतदानाचा निकाल येतो, प्रत्येक ठरावाचा तक्ता, तीन आडव्या ओळी: प्रवर्तक, सार्वजनिक संस्था, सार्वजनिक बिगर-संस्था. एका बँकेची ऑनलाइन सभा मी पूर्ण ऐकली होती, छोटे भागधारक नंबर लावून बोलले, कोणी एटीएमबद्दल, कोणी अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, फंडवाला एकही बोलला नाही. दोन दिवसांनी तक्ता उघडला तर सीईओच्या पगाराच्या ठरावावर संस्थांच्या ओळीत विरोधाचा आकडा चांगलाच जाड. ठराव पासच झाला, पण पुढच्या वर्षीच्या नोटिशीत पगार कशावर ठरला याचा खुलासा पानभर लांब.

म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत देणं बंधनकारक आहे, आणि का दिलं ते कारणासकट त्यांच्या साइटवर असतं. कारणं वाचा, मजा येते. अर्ध्या ठिकाणी ‘नियमानुसार, हरकत नाही’.

माझे पन्नास शेअर आहेत, मी मत दिलं तर काही फरक पडतो?

आकड्यात नाही पडत. तरी द्या, दोन मिनिटांचं काम आहे. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींचा (जिथे तुमचे डीमॅट शेअर ठेवलेले असतात) मेल येतो, बहुतेक जण तो जाहिरात समजून उडवतात. ऑनलाइन मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. संचालकाची नेमणूक, ऑडिटर आणि पगार एवढे तीन ठराव वाचले तरी पुरे. मेल सापडला नाही तर थेट डिपॉझिटरीच्या साइटवर जाऊन डीमॅटच्या लॉगिननं करता येतं, ब्रोकरला फोन करायची गरज नाही.